नाव खेड्याचे, माडी न्यूयॉर्कची

परदेशी माणसाने पैसे घेऊन यावे, धंदा काढावा, दहा स्थानिक माणसांना पगारावर लावावे आणि बदल्यात बायकामुलांसह कायमचे राहावे, असा कायदा अमेरिकेने १९९० साली केला. ईबी-पाच या नावाने तो ओळखला जातो. वर्षाला सुमारे दहा हजार व्हिसा. बायकामुले त्यातच मोजायची, म्हणजे प्रत्यक्ष पैसे लावणारे तीन-चार हजारच. रक्कम ठरली दहा लाख डॉलर. पण कायदा करणाऱ्यांनी एक सवलत ठेवली. धंदा खेड्यात काढला, किंवा जिथे बेकारी देशाच्या सरासरीच्या दीडपट आहे अशा भागात काढला, तर निम्म्यात, पाच लाखांत काम भागेल. खेडे कशाला म्हणायचे तेही कायद्यात लिहून ठेवले: महानगराच्या पट्ट्याबाहेरचा आणि वीस हजार किंवा त्याहून जास्त वस्तीच्या गावाबाहेरचा मुलूख.

कापूस-ज्वारीच्या पट्ट्यातल्या बैठकांत वाटायच्या या पानांवर अमेरिकेच्या व्हिसाचे काय काम, असे विचारणारे भेटतील. काम दुहेरी आहे. महामार्गात किंवा धरणात जमीन जाऊन ज्यांच्या हाती एकरकमी मोबदला आला, किंवा ज्यांची मुले शिकून तिकडे नोकरीला लागली, अशा घरांत हे व्हिसे विकणारे दलाल पोचू लागले आहेत. बैठकांत आम्हाला त्याविषयी प्रश्न आले, त्यांची उत्तरे द्यायची आहेत. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. मागास भागासाठी म्हणून सरकार सवलत काढते तेव्हा तिचे पुढे काय होते, हे आपण जन्मभर पाहत आलो. पण आपल्याकडचे उदाहरण दिले की शहाणी माणसे म्हणतात, आपल्याकडे भ्रष्टाचार आहे, आपली माणसेच तशी. अमेरिकेत कागद चोख, न्यायालये जागी, वर्तमानपत्रे मागे लागणारी. तिथेही तेच घडले, आणि बहुतेक सगळे कायद्यात बसवून घडले. म्हणून ही गोष्ट मुळापासून सांगतो.

आधी रकमेचा अंदाज घेऊ. २०२२ साली ही सवलतीची रक्कम आठ लाख डॉलर झाली. आजच्या भावाने सात कोटी रुपयांच्या वर. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. त्या भावाने सात कोटी म्हणजे सुमारे ८,६०० क्विंटल कापूस. कोरडवाहू पाच एकरांत एकरी पाच क्विंटल धरा, तेही बोंडअळीने आणि परतीच्या पावसाने मेहेरबानी केली तर. वर्षाचे झाले पंचवीस. बी, खत, फवारणी, वेचणी सगळे फुकट धरले, घरात कोणी जेवले नाही असे धरले, तरी साडेतीनशे वर्षांच्या आसपास लागतात. शिवकाळात पहिली पेरणी केली असती तर आता कुठे रक्कम पुरी झाली असती!

पण हा दरवाजा नेहमीच इतका उंच नव्हता. तो बुटका होता तेव्हा त्यातून कोण आत गेले, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या खानदेशातून वाहणारी तापी पुढे सुरतेला समुद्राला मिळते. त्या सुरतेच्या आसपासच्या आणि वर खेडा-चरोतरच्या पाटीदारांची घरे मूळची शेतकऱ्यांची. भाऊबंद वाढले, जमिनीचे तुकडे झाले, तशी त्यांतली बरीच मंडळी आफ्रिकेत गेली, दुकाने काढली. १९७२ साली युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून हुकूम काढला आणि ही माणसे पुन्हा रस्त्यावर आली. अमेरिकेने १९६५ साली कायदा बदलून देशनिहाय जुना कोटा मोडला होता. त्या व्यवस्थेत एक छोटी फट होती. परदेशी कामगाराला आधी तिथल्या कामगार खात्याचा दाखला लागे. पण जो स्वतःचे पैसे घालून धंदा करील त्याला हा दाखला माफ होता. १९७३ पासून त्यासाठी दहा हजार डॉलर पुरत, १९७६ पासून चाळीस हजार. लहान रक्कम नव्हे. पण चुलते-मावसे-मेहुणे मिळून गोळा होण्यासारखी होती.

त्या पैशात काय मिळत होते? महामार्गाच्या कडेची जुनी लॉजिंगे. मोटेल म्हणतात त्यांना. गाडी दारात लावायची, रात्र काढायची, सकाळी पुढे जायचे. तेल महागल्यामुळे प्रवास कमी झाला होता, नवे रस्ते जुन्या गावांना वळसा घालून गेले होते, आणि मूळचे मालक ही मोटेले मिळेल त्या भावाने फुंकायला निघाले होते. पटेलांनी ती घेतली. मागच्या खोलीत कुटुंब राहायचे, त्यामुळे घरभाडे नाही. नवरा गल्ल्यावर आणि दुरुस्तीला, बायको खोल्या झाडायला, चादरी धुवायला. पोरे शाळेतून आली की टॉवेलच्या घड्या घालायला. एक मोटेल उभे राहिले की भावाला बिनव्याजी पैसे द्यायचे आणि पुढच्या गावात दुसरे घ्यायचे. कागद नाही, शब्दावर.

एक खोली कशी चालवायची हे या लोकांना कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नव्हते. ज्याने पाच एकरांत सात तोंडे पोसली आहेत त्याला खर्च कुठे कापायचा हे शिकवावे लागत नाही. आम्ही शेतीची पदवी घेताना फार्म मॅनेजमेंट हा विषय शिकलो. त्यातले पहिले प्रकरण ही माणसे जन्मतःच पाठ करून आलेली असतात.

पुढे विमा कंपन्यांनी पटेलांच्या मोटेलांना विमा नाकारायला सुरुवात केली. आडनाव पाहून. तेव्हा ही मंडळी एकत्र आली, आपली संघटना उभारली. १९८९ साली आशियाई-अमेरिकन हॉटेलमालकांची संघटना झाली आणि आज तिचा दावा आहे की अमेरिकेतल्या दर दहा हॉटेलांपैकी सहा तिच्या सभासदांची आहेत. ही हॉटेले काही फक्त न्यूयॉर्क-शिकागोत नाहीत. टेक्सासच्या कापूसपट्ट्यात, मिसिसिपीत, जिथे दुसरा कोणी धंदा काढायला जात नव्हता अशा गावांत आहेत. सगळे पटेल त्या गुंतवणुकीच्या फटीतून आले असे नाही. कोणी इंजिनिअर म्हणून आला, कोणाला भावाने बोलावले. पण ज्यांनी मुळे धरली त्यांच्यात हे दहा आणि चाळीस हजारवाले होते. खेड्यात जा असे त्यांना कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते. खेड्यातले मोटेल स्वस्त होते म्हणून ते तिथे गेले.

१९७८ पर्यंत त्या वर्गाचे व्हिसा संपले आणि फट बुजली.

बारा वर्षांनी दार पुन्हा उघडले तेव्हा उंबरठा पाच आणि दहा लाखांचा. चाळीस हजारवाला पटेल आपोआप बाहेर. ज्याच्याकडे पाच लाख डॉलर मोकळे आहेत तो चादरी धुवायला अमेरिकेत का जाईल? तो स्वतः धंदा चालवायलाही फारसा उत्सुक नसतो. त्याला पोरांची शाळा, चांगली हवा आणि गरज पडलीच तर पळून जायची जागा पाहिजे असते. १९९२ साली सरकारने त्याचीही सोय केली. 'क्षेत्रीय केंद्र' नावाचे मध्यस्थ मान्य केले. शेकडो परदेशी लोकांचे पैसे त्यांनी एकत्र करायचे, मोठ्या प्रकल्पाला द्यायचे. पैसे लावणाऱ्याने धंद्याचे तोंड पाहिले नाही तरी चालेल. दहा नोकऱ्यांची अट कायम, पण आता आडून निर्माण होणाऱ्या नोकऱ्याही धरायच्या: सिमेंटच्या कारखान्यातल्या, ट्रकवरच्या, खाणावळीतल्या. या मोजायच्या कशा? अर्थशास्त्र्याच्या कोष्टकावरून. इतके लाख बांधकामावर खर्च, गुणिले इतके, बरोबर इतक्या नोकऱ्या. आपल्याकडे पीक कापणी प्रयोग प्लॉट पाडून होतो की तलाठी-कृषी सहायकाच्या टेबलावर होतो, हा वाद ज्यांनी घातला आहे त्यांना याची चव लगेच कळेल.

पहिली पंधरा-सोळा वर्षे या योजनेकडे फारसे कोणी फिरकले नाही. मग २००८ साली अमेरिकेच्या बँका कोसळल्या, बिल्डरांना कर्ज मिळेना, आणि त्यांना या कायद्यातली जादू दिसली. ती समजायला साधा हिशेब पुरतो. समजा बिल्डरला बाजारात बारा टक्क्यांनी पैसा मिळतो. ईबी-पाचवाल्याला व्याजाशी देणेघेणे नाही, त्याला ग्रीन कार्ड हवे. त्याला नाममात्र व्याज दिले, मध्यस्थाची दलाली दिली, तरी पैसा पाच टक्क्यांत पडला. पाच लाखांवर वर्षाला पस्तीस हजार डॉलर वाचले. पाच वर्षांत पावणेदोन लाख. एका माणसामागे! ही पावणेदोन लाखांची चीज कोणाची होती? व्हिसा देते अमेरिकेचे सरकार, म्हणजे तिथली जनता. त्या व्हिसाची किंमत मात्र जमा झाली बिल्डरच्या खात्यात.

पाच लाखांची सवलत मिळवायची तर प्रकल्प खेड्यात किंवा बेकारीच्या भागात हवा. न्यूयॉर्कच्या मध्यावरचा मॅनहॅटन हा भाग जगातल्या सर्वांत महाग जागांपैकी. तिथे हे कसे जमावे? ते नकाशाने जमवले.

तिथे जनगणनेचे लहान लहान गट असतात. बेकारी एका गटाची मोजायची की शेजारच्या दहा गटांची मिळून, हे कायद्याने घट्ट बांधले नव्हते. हद्द आखून तसा दाखला द्यायचे काम राज्य सरकारांकडे होते, आणि दुसऱ्या राज्यात जाणारा पैसा आपल्याकडे यावा ही प्रत्येक राज्याची इच्छा. मग प्रकल्पाचा गट घ्यायचा, त्याला चिकटून दुसरा, त्याला तिसरा, असे करत गरीब वस्तीपर्यंत पोचायचे, आणि तिथली बेकारी जोडून सरासरी काढायची. मॅनहॅटनच्या पश्चिम कडेला रेल्वे यार्डावर छत घालून हडसन यार्ड्स नावाची नगरी उभी राहिली. अठ्ठावीस एकर जागा, खर्च सुमारे पंचवीस अब्ज डॉलर. २०१९ च्या मार्चमध्ये तिचे मोठे उद्घाटन झाले. त्याच सुमारास वर्तमानपत्रांनी कागद काढून दाखवले, की या नगरीसाठी ईबी-पाचमधून किमान एक अब्ज वीस कोटी डॉलर उभे केले होते, आणि त्यासाठी आखलेली 'बेकारीची' हद्द तिथून निघून सेंट्रल पार्क ओलांडून हार्लेमच्या सरकारी चाळींपर्यंत गेली होती. सेंट्रल पार्क म्हणजे भला मोठा बगीचा. तिथे बेकार कोण, तर खारी आणि कबुतरे. पण नकाशात तो गट मधल्या दुव्यासारखा उपयोगी पडला.

हार्लेम ही काळ्या आणि लॅटिन अमेरिकन गरिबांची जुनी वस्ती. तिच्या बेकारीवर सवलत निघाली आणि काचेचे मनोरे उभे राहिले कित्येक मैल दूर, श्रीमंतांच्या दुकानांशेजारी.

विम्याच्या महसूल मंडळाचा खेळ तुम्हाला माहीत आहे. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, पाऊस पडला तो मापकावर, तुमचे शिवार दहा-पंधरा किलोमीटरवर कोरडे. तुमचा दुष्काळ कागदावर बसत नाही. हार्लेमचे उलटे झाले. दुष्काळ त्यांचा बरोबर मोजला गेला, भरपाई दुसऱ्या शिवारात गेली.

या व्यवहाराची बाजू घेणारे काय म्हणतात तेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, माणूस हार्लेममध्ये राहतो म्हणून कामही हार्लेममध्येच करतो असे नाही. रेल्वेने वीस मिनिटांत तो बांधकामावर पोचतो. नोकरी शहरात झाली तरी पगार चाळीत जातो. यात तथ्य आहे. आपल्याही गावची पोरे जिल्ह्याच्या ठिकाणी कामाला जातात आणि पैसे घरी आणतात. पण मग सरळ म्हणा, की मोठ्या शहरात कोठेही धंदा काढा, रक्कम एकच. खेड्याला नि बेकार वस्तीला वेगळी सवलत आहे असे कायद्यात लिहायचे, त्या नावावर मते आणि टाळ्या घ्यायच्या, आणि मग नकाशा वाकवायचा, याला आमची हरकत आहे. शिवाय नकाशा वाकवता येतो म्हटल्यावर खऱ्या खेड्यातल्या प्रकल्पाकडे कोण जाणार? तीच सवलत मॅनहॅटनमध्ये मिळत असेल तर चीनमधला पैसेवाला नेब्रास्काच्या मक्याच्या शेतात पैसे कशाला लावील? २०१४ साली या व्हिसांपैकी शेकडा ऐंशीहून अधिक एकट्या चीनच्या लोकांनी नेले, आणि त्यांना ठाऊक असलेली अमेरिकेतली गावे दोन-चारच. अमेरिकन संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने २०१६ साली अर्जांचे नमुने तपासले. जवळजवळ सगळ्या अर्जदारांनी सवलतीचा भाग निवडला होता. त्यांत खेडे म्हणून निवडलेले? जेमतेम तीन टक्के.

खेड्यात गेलेल्या पैशाची एक गोष्ट आहे, ती सुखाची नाही. कॅनडाच्या सीमेला लागून व्हरमाँट राज्याचा एक गरीब डोंगरी भाग आहे. तिथे जे पीक नावाच्या बर्फावरच्या खेळांच्या ठिकाणासाठी आणि जवळच्या न्यूपोर्ट गावात औषधी संशोधनाच्या कारखान्यासाठी परदेशी लोकांकडून साडेतीनशे मिलियन, म्हणजे पस्तीस कोटी डॉलरच्या वर उभे केले. मध्यस्थ केंद्र चालवत होते खुद्द राज्य सरकार, त्यामुळे लोकांचा विश्वास. हॉटेले झाली, कारखाना झालाच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय रोखे आयोगाने खटला भरला: एकाचे पैसे दुसऱ्याच्या खड्ड्यात. चालकांनी पुढे गुन्हा कबूल केला, २०२२ साली तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. न्यूपोर्टच्या बाजारपेठेतला एक अख्खा चौक नव्या इमारतीसाठी पाडला होता, त्या जागी वर्षानुवर्षे खड्डा राहिला. गावकरी त्याला 'लिटल बैरूत' म्हणू लागले. बाहेरचा पैसा, स्वतः न राबणारा मालक आणि देखरेखीला सरकार असले की खेड्यातही काय होते, ते त्या खड्ड्याने दाखवले.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा सुधारला. हद्द आखायचे काम राज्यांकडून काढून केंद्राने स्वतःकडे घेतले, बेकारीच्या भागात प्रकल्पाचा गट आणि त्याला थेट लागून असलेलेच गट धरायचे असे बांधले. रकमा आठ लाख आणि दहा लाख पन्नास हजार केल्या. १ जानेवारी २०२७ पासून त्या महागाईप्रमाणे वाढवायची तरतूदही करून ठेवली. आणि वीस टक्के व्हिसा खेड्यातल्या प्रकल्पांसाठी राखून ठेवले. हे राखीव कलम मात्र कामाचे ठरले. त्याचे कारण खेड्यावरचे प्रेम नाही. कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांच्या आसपास व्हिसा, असा अमेरिकेचा सर्वसाधारण नियम. त्यामुळे चीन आणि हिंदुस्थानच्या लोकांची नेहमीच्या गटात लांब रांग लागली. खेड्याच्या राखीव गटात कायदा आला तेव्हा रांग नव्हती. रांग चुकवायला पैसेवाले खेड्याकडे वळले. पैशाचा स्वभाव ओळखून आखलेले कलम चालते, उपदेश करणारे चालत नाही.

आपली पोरे यात सापडतात ती इथे. पुण्या-नागपुरात शिकून अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या नोकरीवर गेलेला मुलगा नोकरीच्या रांगेतून ग्रीन कार्ड मागतो तेव्हा हिंदुस्थानच्या लोकांसाठी ती रांग काही दशकांची आहे. २०२२ च्या कायद्याने तिथे आधीच असलेल्याला ईबी-पाचचा अर्ज करून पुढचा अर्जही सोबतच टाकता येतो, आणि तो अर्ज चालू असताना तिथे राहता येते. म्हणून गावाकडे फोन येतो: वावर विकता येईल का? कमी पैशात धंदा करण्याचा दुसरा व्हिसा अमेरिकेत आहे, ई-दोन नावाचा. त्याला ठरावीक किमान रक्कम नाही, मोटेलवाल्याला शोभेल असाच तो आहे. पण तो फक्त करार केलेल्या देशांच्या नागरिकांना मिळतो. पाकिस्तानशी तसा करार आहे, हिंदुस्थानशी नाही. त्यावर दलालांनी तोड काढली, की ग्रेनाडा नावाच्या बेटाचे नागरिकत्व विकत घ्यायचे आणि त्या नावाने अर्ज करायचा. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने तेही आवळले. पैशाने नागरिकत्व घेतले असेल तर त्या देशात सलग तीन वर्षे राहिलेले असावे लागते. हे न सांगता ग्रेनाडा विकणारे अजून असतील.

लंडनने वेगळा रस्ता धरला होता. धंद्याचे नाव घ्यायलाही नको, वीस लाख पौंड गुंतवा आणि राहा. पैसा कुठून आला याची बोंब झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ते दार एका दिवसात बंद केले. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी 'गोल्ड कार्ड'चा आदेश काढला. दहा लाख डॉलर सरकारला देणगी द्या आणि कायमचे या. दहा नोकऱ्यांची अट नाही, खेडे नाही, परत मिळायचे कर्जही नाही. ऐकायला ओंगळ वाटते. पण एका बाबतीत ते जुन्यापेक्षा उघड आहे: व्हिसाची किंमत बिल्डर न घेता सरकार घेते. बाकी त्यात पटेलासारख्याला कोठेच जागा नाही.

आता आपल्या घरी. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्राच्या मंत्रिमंडळाने परदेशी गुंतवणूकदारांसाठी कायम निवासाची योजना मंजूर केली. दीड वर्षात दहा कोटी किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी रुपये आणायचे, दरवर्षी वीस भारतीयांना रोजगार द्यायचा, म्हणजे दहा वर्षांचा निवास. अमेरिकेच्याच साच्यातली विट. दहा कोटीवाला परदेशी मुंबईत, बंगळुरात उतरेल, परभणी-यवतमाळात का उतरेल? मग कोणीतरी पुढारी उठेल आणि म्हणेल, मागास तालुक्यात आला तर रक्कम निम्मी करू. ते ऐकायला गोड लागेल. आपल्या भागाच्या आमदारांनाही ते भाषणात घेता येईल. तेव्हा आपण हार्लेम आठवावे आणि विचारावे, हद्द कोण आखणार?

महाराष्ट्राला हे काही नवे नाही. १९६४ पासून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड-प्लस असे वर्ग पाडले, मागास तितकी सवलत जास्त. ड-प्लस तालुक्यांतल्या औद्योगिक वसाहतींत बाभळी माजलेले प्लॉट आमच्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहेत. प्लॉट घेतलेला असतो, पाटी लागलेली असते, कधीतरी अनुदानाचा हप्ताही गेलेला असतो. मागासपणा तालुक्याचा, फायदा ज्याला फाईल फिरवता येते त्याचा. आणि त्याच तालुक्यात ज्याला सरकी पेलायची लहान गिरणी टाकायची आहे, ज्वारीच्या लाह्या-पोह्यांचा कारखाना काढायचा आहे, त्या पोराला बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

परदेशी उद्योजकाला आम्ही हातभर लांब ठेवा म्हणत नाही. येऊ द्यावे. पण दार बुटके करावे. दहा कोटी आणून मुनिमाकडून धंदा चालवणाऱ्याऐवजी पन्नास लाख आणून स्वतः गावात राहणाऱ्या, शटर स्वतः उघडणाऱ्या माणसाला परवाना द्यावा. जिनिंगची मशीन दुरुस्त करणारा असेल, कोरडवाहूला परवडेल असे ठिबक जोडणारा असेल, धान्य वाळवायचे यंत्र बनवणारा असेल. अट एवढीच की तो धंद्यात रोज हजर असला पाहिजे. नोकऱ्या किती झाल्या ते माणसे उभी करून मोजावे, कोष्टकाने नाही. आणि जे सोपे परवाने त्याला द्याल तेच, त्याच दिवशी, आपल्या पोरांना द्या. एका दाराने परदेशी सहज आत आणि शेजारच्या दाराशी गावचा पोरगा तीन वर्षे उभा, असे आम्ही चालू देणार नाही. डिसेंबरच्या जिल्हा बैठकीत हा ठराव मांडायचा आहे, दुरुस्त्या असतील त्या तालुका शाखांनी लिहून आणाव्यात.

ज्यांच्या घरी दलाल येऊन गेला आहे त्यांच्यासाठी थोडे. या व्हिसात पैसा बुडण्याची जोखीम असलीच पाहिजे असे कायदाच सांगतो. म्हणून 'रक्कम परत मिळायची हमी' लिहून देणारा एकतर तुम्हाला फसवतो आहे किंवा तुमचा अर्ज बाद करवतो आहे. पहिले ग्रीन कार्ड दोन वर्षांचे, अटींचे. त्यानंतर नोकऱ्या झाल्याचे दाखवावे लागते, आणि प्रकल्प बुडाला तर ते दाखवणे तुमच्या हातात नसते. पैसा कुठून आला त्याची पैन्‌पै द्यावी लागते: सातबारा, निवाड्याची प्रत, खरेदीखत, बँकेच्या नोंदी. शेतीच्या उत्पन्नावर कर नसल्याने अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नाही, तिथे अडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. दलाल त्यावर चार भावांच्या नावाने पाठवा म्हणतो. ते पाठवण्याआधी चारही भावांत लेखी वाटणी काय ठरली ते पाहा, नाहीतर मोटेल राहील बाजूला आणि घरात फौजदारी उभी राहील.

कागदावर सही करण्याआधी तो जिल्हा बैठकीला घेऊन यावा. इंग्रजी मजकूर वाचून मराठीत समजावून सांगण्याची सोय दुपारच्या जेवणानंतर केली आहे. त्याला फी नाही. मूळ प्रत घरी ठेवावी, झेरॉक्स आणावी.